हिरव्या कार्डाचं गाव

१

खैरबोडीत आठ दिवसांत दोन माणसं हगवणीने मेली, तेव्हा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पाणी शुद्ध असल्याचं हिरवं कार्ड टांगलेलं होतं.

एक सत्तरीची बायनाबाई. दुसरी खुशबू, सहा वर्षांची. साथ आटोक्यात आल्यावर आरोग्य पथकाने विहिरीचं पाणी तपासलं. ते माणसानेच काय, जनावरानेही पिण्यालायक नव्हतं.

"कार्ड हिरवं, पाणी नासकं," जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीचे सभापती बापूराव म्हणाले. "मधात कोणीतरी हात मारला आहे, रामटेके मॅडम. गुरुवारी समिती बसते. मले नाव पाहिजे."

कुंदा रामटेके समोर बसली होती. रसायनशास्त्रात एम. एस्सी., तालुक्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत अकरा वर्षं प्रमुख, आणि एक मेपासून जिल्ह्याच्या कार्यालयात पाणी गुणवत्तेची सल्लागार.

"साहेब, तो तपासणी अहवाल एप्रिलचा आहे. सही माझी आहे. चौकशी दुसऱ्या कोणी केलेली बरी."

"दुसऱ्या कोणाले समजते त्यातलं? आणि तुमच्या सहीवर कोणी शंका घेऊन नाई राह्यलं." बापूरावांनी फाइल सरकवली. "गावचा जलसुरक्षक आहे, जंगू कोवे. विहिरीत पावडर टाकणं आणि नमुने आणणं त्याचंच काम. तुम्ही फक्त कागद पक्का करा. मग त्याले कामावरून काढू आणि पोलिसात देऊ."

फाइलच्या शेवटच्या पानावर छापील रकाना होता: दोषी कर्मचाऱ्याचे नाव. एकच ओळ, रिकामी.

दरवर्षी उन्हाळ्यात गावोगावचं पाणी तपासून लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड दिलं जाई. त्या रंगावर जिल्ह्याचा वर्षाचा आरोग्य आराखडा उभा राही. विहिरीची दुरुस्ती, ब्लिचिंग पावडर, आरोग्य सेविकेच्या जादा फेऱ्या, सगळं लाल गावांना आधी. हिरव्यांना शेवटी. हा नियम ठरवणाऱ्या बैठकीत कुंदा होती. तिला तो चोख वाटला होता.

फाइल घेऊन ती उठली तेव्हा तिच्या मनात एकच इच्छा होती. आपल्या प्रयोगशाळेची चूक निघू नये. पुढे कित्येक दिवस तिला त्या इच्छेची लाज वाटत राहिली.

२

"कॉपी केली असती तं तुम्ही मले उभी जाळली असती, मॅडम," दिव्यानी म्हणाली आणि कच्ची वही टेबलावर ठेवली. दिव्यानी प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ. कुंदानेच तिला शिकवलं होतं.

कुंदाला पहिला संशय हाच होता. एप्रिलमध्ये उद्दिष्ट पूर्ण करायची घाई असते. एका नमुन्याचे आकडे दुसऱ्यापुढे उतरवून मोकळं होणारी माणसं तिने पाहिली होती.

वहीत खैरबोडीचे तीन नमुने होते. गावविहीर, शाळेजवळचा हातपंप, टोलीतला, म्हणजे बाजूच्या वस्तीतला, हातपंप. क्षारांचे आकडे २१४, २१६, २१३. उतरवून घेतलेले आकडे असे एक-दोनने हलत नाहीत. पानावर रसायनाचा थेंब पडून पिवळा डागही झाला होता. तपासणी खरी होती.

कुंदाने श्वास सोडला.

"म्हणजे आपण सुटलो," दिव्यानी म्हणाली. "जे पाणी आलं ते आपण तपासलं. नाई का?"

"जे पाणी आलं ते," कुंदा म्हणाली, आणि तिचं बोट पानावरच थांबलं. शेजारच्या रकान्यात शिल्लक क्लोरीन लिहिलं होतं. विहीर, ०.२. शाळेचा हातपंप, ०.२. टोलीचा हातपंप, ०.२.

विहिरीत पावडर टाकतात, तिथे क्लोरीन सापडलं तर नवल नाही. पण हातपंपाचं पाणी दोनशे फूट खालून येतं.

"दिव्यानी, हातपंपात पावडर कोण टाकतं गं?"

दिव्यानीचं तोंड उघडं राहिलं. "कोणीच नाई, मॅडम."

दोघींनी एकदमच अहवालाच्या तळाशी पाहिलं. तिथे कुंदाची सही होती, नेहमीसारखी नेटकी. त्या दिवशी तिने चाळीस अहवालांवर सह्या केल्या होत्या.

३

खैरबोडीला ती आरोग्य विभागाच्या जीपने गेली. फाट्यापासून सात किलोमीटर कच्चा रस्ता, दोन्हीकडे सागवान, मधे नाल्यावरचा एक ठेंगणा रपटा. गावात हवा जड होती. शाळेजवळच्या हातपंपावर तीन-चार बाया होत्या. जीप पाहून त्या बाजूला सरकल्या.

कुंदाने पिशवीतून क्षार मोजायचा मीटर काढला. शाळेचा पंप ९०५. टोलीचा ११२०, जिभेला खारट लागेल एवढा. विहीर ४८०, आणि तिच्या बांधणीला एका बाजूने हात जाईल एवढी भेग. भेगेजवळच गुरांची डोण, सांडलेलं पाणी थेट आत.

२१४ कुठेच नव्हतं. एप्रिलचे तीन कॅन या गावातून भरलेलेच नव्हते.

"ही भेग कधीची?" तिने विचारलं.

"दोन वर्षं झाले असंन," एक बाई म्हणाली. "हिरवं कार्ड भेटलं, मंग कोण पाह्यते? अन् आमचा जंगूभाऊ तं पाण्याले तालुका दाखवून आणते. घेऊन जाते अन् तसंच वापस घेऊन येते!"

बाकीच्या हसल्या, आणि लगेच ओशाळल्या. समोरून जंगू येत होता.

पंचावन्नचा असेल. पांढरा शर्ट, डोक्यावर टॉवेल. तो कुंदासमोर उभा राहिला आणि खाली पाहत म्हणाला, "मी ओयखतो जी तुमाले."

साहेब लोकांना सगळेच ओळखतात. कुंदाने ते सोडून दिलं. "एप्रिलमधे नमुने तुम्हीच भरले?"

"मीच."

"कुठून?"

त्याने डोक्यावरचा टॉवेल काढला. मग म्हणाला, "माहीच चूक आहे, मॅडम. लिहून घ्या. सही देतो."

"काय चूक ते सांगा ना."

"सगडीच."

एवढंच. मागून त्याची बायको रंभा पुढे आली. तिचे डोळे सुजलेले होते. "काऊन नाई सांगत? लोकं म्हणते यानं विहिरीत दवा नाई टाकली. अवो बाई, रोज सकाडी टाकत होता. मेच्या अठरा तारखेले पावडरच संपली. तीन डाव पंचायतीत गेला मांगाले. अन् खुशबू कोणाची होती, हे सांगितलं का तुमाले कोणी?"

कुंदाने नकारार्थी मान हलवली.

"पोरीची पोर होती आमच्या. हाच तिले कडेवर घेऊन पाणी पाजे. त्याच विहिरीचं."

कुंदाची लेखणी थांबली. पाणी खराब आहे हे माहीत असून कोणी आपल्या नातीच्या ओठाला लावत नाही. मग जंगूने नमुने बदलले असतील तर कशासाठी? आणि त्याने नाही, तर कोणी?

जीपकडे जाताना तिला दिसलं. पंचायतीच्या ओट्यावर एक माणूस मोटारसायकलची किल्ली बोटात फिरवत उभा होता. ती जवळ येताना पाहून त्याने किल्ली खिशात टाकली.

४

ते ग्रामसेवक गुणवंतराव. गाव चौदाशे वस्तीचं, पण ते राहायचे तालुक्याला. रोज मोटारसायकलने येणं-जाणं.

"माझ्याकडे कागद आहे मॅडम," त्यांनी विचारण्याआधीच सांगितलं. पावडरीच्या मागणीचं पत्र होतं, पंधरा मेचं. खाली तालुक्याचा शेरा: हिरव्या कार्डाचे गाव. प्राधान्य यादीनुसार नंतर.

त्या प्राधान्य यादीचा मसुदा कुंदाचा होता. तिने तो शेरा दोनदा वाचला.

पण गुणवंतराव त्याने सुटत नव्हते. दुसऱ्या दिवशी तिने प्रयोगशाळेचं आवक रजिस्टर काढलं. खैरबोडीच्या नोंदीपुढे लिहिलं होतं: १२ एप्रिल. नमुना भरल्याची वेळ सकाळी सहा. जमा सकाळी अकरा दहा.

खैरबोडीहून पायी निघालेला माणूस फाट्यावर कितीही लवकर पोचो, तालुक्याकडची बस दिवसातून एकच, दुपारी एकची. सकाळी सहाला भरलेलं पाणी त्याच दिवशी अकराला खिडकीवर येऊच शकत नाही. मोटारसायकल असल्याशिवाय.

रोज मोटारसायकलने तालुक्याला जाणारे गुणवंतरावच होते, आणि त्यांच्या घरी तालुक्याचा क्लोरीनचा नळ असणार.

"मी?" गुणवंतराव आपल्या अंगणात उभे राहून म्हणाले. "माझ्यावर नका आणू मॅडम. दहा ते तेरा एप्रिल मी चंद्रपूरला प्रशिक्षणात होतो. तिथं रोज दोनदा सही घेत होते, शाळेच्या पोरांसारखी."

"आणि तुमच्या घरचं पाणी?"

"नळ कुठी आहे या लेआउटमधे? बोअर आहे. मोजा, मोजा."

तिने मोजलं. ६४०. क्लोरीन शून्य.

गुणवंतरावांचा चेहरा जरा सैल झाला. मग हळूच म्हणाले, "एक सांगतो. नमुने द्यायचे राहिले म्हणून मी जंगूवर ओरडलो होतो. फोनवरून. म्हटलं, जमा झाल्याची पावती आणली नाही तर तुझं काम दुसऱ्याला देतो. तो म्हणाला, दोन डाव नेले होते साहेब, घेतलेच नाही. मला वाटलं, बहाणा करून राह्यला."

कुंदा परत रजिस्टरकडे आली आणि पानं मागे उलटली. आठ एप्रिल. खैरबोडी. चोवीस तासांनंतर आणल्याने परत. दहा एप्रिल. खैरबोडी. चोवीस तासांनंतर आणल्याने परत.

दोन्ही नोंदी काळ्या शाईत होत्या. ते अक्षर ओळखायला तिला कोणाची गरज नव्हती.

५

बुधवारी तिने जीप घेतली नाही. आदल्या रात्री ती रंभाच्या शेजारच्या आरोग्य सेविकेकडे मुक्कामाला राहिली होती. सकाळी सहाला विहिरीतून एक कॅन भरला, पंपांवरून दोन. तीन कॅन दोरीने बांधून ती निघाली.

एप्रिलमधे जंगूने केलं असेल तसंच करून पाहायचं, एवढंच ठरवलं होतं. पहिल्या किलोमीटरला दोरीने बोटं कापायला लागली. रपट्याजवळ तिने कॅन खाली ठेवले, हात बदलला. सात किलोमीटरला अडीच तास लागले. फाट्यावर सावली म्हणजे एक मोहाचं झाड. बस एकची होती, ती दीडला आली. कंडक्टर म्हणाला, "पाणी नेऊन राह्यल्या का बाई तालुक्याले? तिथी काय दुष्काळ पडला?"

बस वळसा घालत, गावं घेत गेली. कुंदा तालुक्याच्या स्टँडवर उतरली तेव्हा चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

प्रयोगशाळेची खिडकी बंद होती. काचेवर आतून कागद चिकटवलेला: नमुने दुपारी चार वाजेपर्यंतच स्वीकारले जातील. ते अक्षरही तिचंच. चारनंतर नमुना घेतला तर तो त्याच दिवशी लावता येत नाही, कर्मचारी साडेपाचला निघतात, म्हणून चार. शास्त्रात कुठेही चूक नव्हती. आणि चोवीस तासांपेक्षा जुना नमुना घ्यायचा नाही, हे तर पुस्तकातलं वाक्य. खिडकी सकाळी अकराला उघडे. सकाळी सहाला भरलेलं पाणी तोपर्यंत एकोणतीस तासांचं होई. बस गाठायला उशिरात उशिरा साडेदहाला भरलं, तरी चोवीस तास उलटून जात.

म्हणजे खैरबोडीचं पाणी या खिडकीतून आत जाण्याची वेळच अस्तित्वात नव्हती. अकरा वर्षांत तिने बसचं वेळापत्रक पाहिलं नव्हतं.

ती पायऱ्यांवर बसली. बाजूला पाण्याची मोठी टाकी, आणि टाकीखाली, पायऱ्यांपासून चार पावलांवर, एक पितळी तोटी. अकरा वर्षं ती त्या तोटीवर डबा धुवत आली होती.

तिने मीटर धरला. २१५. मग क्लोरीनच्या नळीत दोन थेंब टाकले. पाणी हलकं पिवळं झालं. रंगपट्टीशी लावून पाहिलं. ०.२.

आठवायला जोर लागला नाही. एप्रिलमधली सकाळ, खिडकीत तीन कॅन, आणि स्वतःचा आवाज, मागे रांगेत उभ्या सगळ्यांना ऐकू जाईल असा: "कितीदा सांगायचं? शिळं पाणी मला चालत नाही. ताजं आणायचं तर आणा, नाहीतर येऊ नका."

कॅन आठवत होते. त्यांच्यावरची चिठ्ठीही. कॅन धरणाऱ्या माणसाचा चेहरा मात्र, कितीही प्रयत्न केला तरी, तिला आठवेना.

६

गुरुवारी जंगू जिल्हा परिषदेच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता. बाक रिकामा होता, तरी उभा. कुंदा बाकावर बसली आणि तिने शेजारी हात ठेवला. तो बसला नाही.

"जंगूभाऊ, बारा तारखेला तुम्ही टाकीच्या तोटीवर कॅन भरले."

त्याने समोरच्या झाडाकडे पाहिलं. मग म्हणाला, "रातभर स्टँडवर झोपलो होतो. सकाडी खिडकी उघडाची होती. अन् मले समजलं, आज बी वापस देईन. गावात पोट्टे हसत होते. साहेब म्हणे नाव काटतो. तिसऱ्या डाव भरले कॅन घेऊन गावात वापस कसा जाऊ?"

"मला का नाही सांगितलंत, की बसच तशी आहे?"

"सांगत होतो जी. तुम्ही म्हणल्या, कारणं नको."

कुंदाने मान खाली घातली.

"म्या समजलो, आपलं पाणी चांगलंच आहे," जंगू म्हणाला. "बापजादे पेले. कागदाचंच काम आहे, करून टाकू. नळाचं पाणी वतलं अन् सहा वाजता भरलं म्हणून लिहून मांगलं बाजूच्या पोराकडून. गावात कोणी हसलं नाई मंग. कार्ड आलं तवा मीच खिळा ठोकला."

"मी गावात आले तेव्हा तुम्ही माझं नाव घेऊ शकत होता."

"कायले? तुम्ही कायद्यानंच बोलल्या. पाणी तं म्या वतलं."

आतून शिपायाने हाक मारली.

समितीच्या खोलीत नऊ जण होते. कुंदाने अहवाल वाचला. आवाज चढवला नाही, कुठे थांबली नाही. हातपंपातलं क्लोरीन. २१४ आणि २१५. अकरा दहाची वेळ. चाळीस मिनिटांचं अंतर, चार आणि चार चाळीसमधलं. दोनदा परत केलेले नमुने. न वाचता केलेली सही. हिरवं कार्ड, त्यामुळे शेवटी गेलेली पावडर, न बुजलेली भेग. यादीत हिरव्या गावाला शेवटी टाकणारा मसुदा.

"दोषी कर्मचाऱ्याचे नाव," तिने शेवटची ओळ वाचली. "कुंदा रामटेके."

बापूरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मॅडम, भावनेच्या भरात नका लिहू. मी तुमाले अकरा वर्षांपासून पाहून राह्यलो. ते ओळ काढा. नमुना बदलवला कोणी? जंगूनं. तेवढं पुरे आहे."

"त्याने एका सकाळी बदलला, साहेब. खैरबोडीसारखी या एका बसच्या मार्गावर एकवीस गावं आहेत. मी काल रजिस्टर तपासलं. त्यातली चौदा हिरवी आहेत, आणि चौदांचेही नमुने भरल्याच्याच दिवशी सकाळी अकराच्या सुमारास जमा झाले आहेत. बस तर पोचते चार चाळीसला."

बापूरावांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि पहिल्यांदाच अहवाल स्वतः हातात घेतला.

दाराशी हालचाल झाली. जंगू आत आला होता, कोणी बोलावलं नसताना.

"माहं बी नाव लिहा जी," तो म्हणाला.

"तुला वाचवून राह्यल्या ना त्या!" एक सदस्य ओरडला.

"समजते मले." जंगूने टॉवेल हातात घेतला. "पण तोटी म्या फिरवली. कागदावर माहं नाव नसन, तं गावात मी खुशबूच्या मायले काय दाखवू? मोठ्या बाईनं माफ केलं म्हणून सांगू?"

कुंदाला वाटलं होतं, आपण त्याला सोडवतो आहोत. आता तिला कळलं की त्याची चूक पुसायचा अधिकारही तिने स्वतःकडेच घेतला होता, जसा खिडकीची वेळ ठरवण्याचा घेतला होता. तिने पेन उघडलं. एका ओळीची जागा होती. आपल्या नावापुढे तिने अक्षर बारीक करून लिहिलं: जंगू कोवे. मग कागद त्याच्याकडे वळवला. त्याने सही केली, सावकाश, प्रत्येक अक्षराला वेळ देत.

समितीने चौदा गावांची कार्डं त्याच दिवशी काढून घेण्याचा ठराव केला. कुंदावर आणि जंगूवर काय करायचं ते पुढच्या बैठकीवर गेलं. पोलिसांचा विषय कोणी काढला नाही.

दोघं व्हरांड्यात आली तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. जंगूला फाट्याची बस धरायची होती. पायरीवर तो थांबला.

"मॅडम, आता नमुने पुन्हा न्या लागन सगड्या गावाले."

"हो. परवापासून."

"खिडकी किती वाजेलोक उघडी राहीन?"

"तुमची बस येईपर्यंत," कुंदा म्हणाली. "मी सांगून आले आहे दिव्यानीला."

जंगूने मान हलवली. टॉवेल झटकून डोक्याला बांधला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर तिला सोपं गेलं असतं.

"बस तं चैतातही येत होती, बाई," तो म्हणाला, आणि स्टँडकडे चालू लागला.